चुनखडी

बंदराच्या क्वार्टर्समध्ये आमच्या भिंतीवर
कुठल्याशा जहाज कंपनीचं कॅलेंडर होतं.
साल ब्याऐंशी. ब्याण्णव उजाडलं तरी
त्यात ऑगस्टच चालू होता.
हिरव्या पाण्यातून ताठ उभी राहिलेली बेटं,
डोक्यावर झाडी, पोटात गुहा,
आणि मधून एक पांढरी बोट,
बोटीवर टोप्या घातलेली माणसं, काही न करणारी.
भाऊ तळहातावर तंबाखू मळत सांगायचे,
ही चुनखडी. माझ्या डबीतला चुना, तो हाच.
पाणी चाटत बसतं हिला, वर्षानुवर्षं,
मग आत खोली तयार होते.
रिटायर झालो की जाऊ.

भाऊ ड्रेजरवर होते.
बंदरातला गाळ उपसायचा, लांब नेऊन टाकायचा.
भरती तो परत आणून द्यायची.
आई म्हणायची, माझ्या भांड्यांसारखंच की तुमचं,
घासली की खरकटी.

त्यांच्या एका विसरलेल्या खात्यात
एकोणीस हजार चारशे निघाले, दोघींच्या नावावर.
व्हिएतनाम त्यात बसेना.
कुंदाताईने जाहिरात कापून आणली:
लक्झरी डे क्रूझ, बेटं, लेणी, भोजनासह.
मी म्हटलं, अगं, ही तर आपली घारापुरी.
बेट आहे, लेणी आहेत, ती म्हणाली, आणखी काय हवं?
चुनखडी.
ती मी घेतलीय पर्समध्ये.

चढताच गार टॉवेल मिळाला, गवती चहाच्या वासाचा.
कुंदाताईने तो घडी करून गुडघ्यावर ठेवला,
परत द्यायचा असतो का, कुणाला विचारावं कळेना.
मग बर्फावर मांडून सहा कालवं आली, लिंबाच्या फोडीसकट.
लहानपणी खडकावर दगडाने फोडून खायचो,
तेव्हा लिंबू मात्र नसायचं.

बुचर बेटाच्या तेलाच्या टाक्या मागे पडल्या.
एक लाल बोया कलून उभा होता,
शिक्षा झालेल्या मुलासारखा.
मग पाण्याचा रंग चहाचा झाला,
इंजिन दोनदा खोकलं,
आणि स्पीकरवरून कुणीतरी गोड आवाजात म्हणालं,
किंचित तांत्रिक विलंब.

रुतली, कुंदाताई म्हणाली.

लिननचा शर्टवाला पैसे परत मागू लागला.
एका पोराने विचारलं, आपण बुडणार?
इथे? उतरलास तर छाती ओली होईल तुझी.
ती सरळ सुखाण्याकडे गेली.
खाली किती आहे?
दीड मीटर, बाई. दोन तरी लागतं.
आणि पाणी कधी फिरेल?
साडेतीनला.
मग ती हसायला लागली, रेलिंगला धरून,
गार टॉवेल तोंडावर दाबून हसली,
भाऊ रजेवर आहेत गं, म्हणाली,
दुसरं काही नाही.

समोर घारापुरी. लेणी झाडीआड, इथून दिसत नव्हती.
काळा पाषाण तो, पाण्याच्या चाटण्याला बधत नाही,
त्याला छिन्नी घेऊन माणूसच यावा लागतो.
मी म्हटलं, भाऊंनी तीस वर्षं पाण्यात कोरलं,
त्याचं काहीच
पुढचं वाक्य मला जमलं नाही.
कालवं खा, ती म्हणाली, गार आहेत तोवर.

डबी तिने टेबलावर उघडली.
एका कप्प्यात तंबाखूचा भुसा, वासही उरला नव्हता.
दुसऱ्यात चुना, वाळून पुन्हा दगड झालेला,
नखाने खरवडेना.
पांढराशुभ्र, एका बाजूने थोडा उंच.
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
मग तिने बशीतली लिंबाची फोड उचलली
आणि नेम धरून पिळली.

फसफसलं.
बारीक बुडबुडे आले, विझले,
आणि मधोमध, सुईने टोचावं तसं, एक भोक.

पांढरे हातमोजे घातलेला मुलगा आला,
दिलगिरी व्यक्त करत, अदबीने.
आपल्याला अजून काही हवं का, मॅडम?
लिंबू, कुंदाताई मान वर न करता म्हणाली.
अजून एक लिंबू.