ठिणगीची वेळ

सॅगिनॉ, मिशिगन. नोव्हेंबर. शेडमधला हीटर खोकतोय.
रूबेन विलासेन्योरने बापाची गाडी आणून उभी केली,
एकाहत्तरची शेव्हेल, हिरवी, दाराखाली गंजाची झालर.
"व्हर्ना, तिसऱ्या गिअरमध्ये जीवच नाही हिच्यात.
पेट्रोल मात्र ढोसते.
बाबा म्हणायचे, सरकारी डब्याने मारली गाडी."

सरकारी डबा! तेव्हा सगळे असंच म्हणायचे.
खरं तर शहाणी वस्तू होती ती.
गिअरबॉक्सच्या कुशीत एक स्विच, अंगठ्याएवढा;
पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो दटावतो,
घाई नको, ठिणगी जरा उशिरा पडू दे,
इथे माणसं राहतात, श्वास घेतात.
तिसरा पडला की हात काढून घेतो:
जा, आता रस्ता मोकळा आहे.

एकोणसत्तर वर्षांचे गुडघे घेऊन मी खाली सरकले.
मागची चाकं अधांतरी, रूबेन आत, पाय ॲक्सिलरेटरवर.
स्विचला टेस्ट लॅम्प लावला.
पहिला: दिवा.
दुसरा: दिवा.
तिसरा: अंधार.
असाच हवा अंधार. स्विच निर्दोष.

सोलेनॉइडला करंट दिला. टक्.
काढला. टक्.
पन्नास वर्षांनीही दार उघडणारं, लावणारं इमानी माणूस.
कूलंटचा सेन्सर, वायरी, फ्यूज,
सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. सगळे खरं बोलत होते.

उरली ओढ.
इंजिन हवा ओढतं ना, त्याच ओढीने
डिस्ट्रिब्युटर किंचित फिरतो, ठिणगी आधी पडते.
सोलेनॉइडच्या तोंडाशी गेज लावला: काटा उडी मारून उभा.
होजच्या दुसऱ्या टोकाला लावला: शून्य.
मध्ये फक्त दीड वीत रबर.

ब्लेडने चिरलं.
आत पेन्सिलीचा तुकडा. लाल. पेराएवढा.
त्यावर सोनेरी अक्षरं, अर्धी: "ग्रेबन"
आणि दातांच्या खुणा,
त्यात एक दात वाकडा.

हीटर खोकायचा थांबला, की मलाच ऐकू येईना.

ग्रेबनर गॅरेज, वॉटर स्ट्रीट. चौऱ्याहत्तरचा वसंत.
मी एकोणीसची, पहिली मुलगी त्या शेडमध्ये,
पेन्सिल सतत दातात, कारण बोललं की पुरुष हसायचे.
टायमिंग लावायचं तर होज काढून बंद करायचा,
जे हाताशी असेल ते खुपसून.
ती मोडली असणार. टोक आत राहिलं असणार.
मी घाईत होज परत चढवला असणार.
ग्रेबनर घड्याळाकडे बघत होता, एवढं मात्र आठवतं.

आणि युसेबियो विलासेन्योर, फाउंड्रीतून थकून येणारा,
दर रविवारी बॉनेट उघडून त्या डब्याला शिव्या देत राहिला.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
तीही बावीस वर्षं, मग गाडी झाकून ठेवली गेली.

नवा होज घातला. चाकं जमिनीवर. आम्ही हायवेवर गेलो.
बीटच्या शेतांवरून धुकं उठत होतं.
तिसरा पडला, आणि गाडीने असा काही श्वास घेतला
की रूबेन मोठ्याने हसला, लहान मुलासारखा,
मग गप्प झाला.

परत येताना मी तुकडा डॅशबोर्डवर ठेवला.
सांगितलं. सगळं. दातासकट.

बराच वेळ तो हिशेब करत होता, ओठ हलवत.
"म्हणजे साधारण दोन हजार गॅलन," तो म्हणाला.
"त्या वेळच्या भावाने," मी म्हणाले.
"आणि शिव्या? त्या आता कुणाच्या नावावर टाकायच्या?"

"लिहून घे," मी म्हणाले. "लास्कोव्स्की. व्हर्ना.
डब्ल्यूने नाही, व्हीने."