शेक

पाणी उकळून उतरवायचं, मनगटावर थेंब घेऊन बघायचं,
फडका पिळायचा, मिटल्या पापण्यांवर ठेवायचा.
दहा मिनिटं. सकाळी, आणि दिवेलागणीला.
संध्याकाळी मी घड्याळ बघत नाही.
खिडकीतून समुद्रातल्या दीपगृहाची उघडझाप दिसते,
ती मोजते, आणि हेमांगी
फडक्याखालून विचारते, "किती झाले गे?"

पहिल्यांदा डोळे आले तेव्हा ती चार वर्षांची होती.
आलेत म्हणजे जाणार, असं आम्ही धरून चाललो.
गेले. आले. गेले.
मधे रांजणवाड्या, एक सुकते तोवर दुसरी.
लवंग उगाळून लावली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या.
मेडिकलवाल्या पेडणेकरने दिलेले थेंब
चार दिवस गुण द्यायचे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच लाल.
बाईंनी तीनदा शाळेतून घरी पाठवली: साथ पसरेल.
घरात दुसऱ्या कुणाचेच डोळे कधी आले नाहीत
हे लक्षात यायला आम्हाला दोन वर्षं लागली.

तोवर ती दुपारची बाहेर पडेनाशी झाली.
वाळूवरून उठणारा उजेड
"टोचता माका," म्हणायची,
आणि बापाच्या फाटक्या जाळ्यांच्या ढिगात
तोंड खुपसून बसायची.
लोक म्हणाले, लाजरी आहे.

मी काजूच्या कारखान्यात. सोळा वर्षं.
टरफलाचं तेल बोटं काळी करतं,
राख चोळली तरी नखांच्या कडा तशाच.
रात्री तिच्या उशाशी बसले की
हात मांडीखाली दाबून ठेवायचे.
कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हणत होते.

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटली,
फोटो काढून मला दाखवला.
पापणीच्या काठाशी तेलाच्या बारीक नळ्या असतात म्हणे,
त्यांतलं तेल थिजलंय.
तेल म्हटल्यावर मी हात पदराखाली घेतले.
त्यांनी पाहिलं. म्हणाल्या,
"तुमच्या कामाचा ह्याच्याशी काही संबंध नाही."
मग नाव सांगितलं, रोझेशिया.
मला वाटलं, उभादांड्याच्या रोझीची कुणी बहीण.
मोठ्यांच्या गालांवर येतो,
मुलांत कधी गाल कोरे ठेवून थेट डोळ्यांत शिरतो,
म्हणून लवकर कुणी ओळखत नाही.
डाव्या बुबुळावर, जिथे रक्ताची एकही वाट नसावी,
सहा-सात शिरा काठावरून आत चालत आल्या होत्या,
आणि पोचल्या तिथे पांढुरका डाग,
तांदळाच्या कणीएवढा.
"हा जाईल?"
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

आता पातळ औषध आहे, कित्येक महिन्यांचं.
मोठ्यांची गोळी हिला चालत नाही, दात कायमचे पिवळे पडतील,
आणि हिचे पुढचे दात आत्ता कुठे येऊ लागलेत.
शेकानंतर पापणीच्या मुळाशी साचलेला कोंडा
ओल्या कापसाने काठाकाठाने पुसायचा.
ह्याची मला सवय आहे.
काजूची साल अशीच काढतात, गर दुखावू न देता.
तुकडा पडला की भाव निम्मा.

काल धक्क्यावर गेलो.
उजवा डोळा तळव्याने झाकून तिने दीपगृह बघितलं.
"दिसता?"
"दिसता गे. पण दिव्याक केस इलेत."
मीही एक डोळा झाकला.
समोर नुसता दिवा, स्वच्छ, लागत विझत.
"माका पण तसोच दिसता," मी म्हटलं.
"खोटा सांगतस," ती म्हणाली,
आणि मोजायला लागली.