ऱ्हस्व वेलांटी

चौसष्ट साल. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला अंक.
ठाकुरद्वारच्या छापखान्यात रात्री पावणेदोनला
ऱ्हस्व वेलांट्या संपल्या.

कारण मिसिसिपी.
एकदा जुळवायचं तर तीन जातात,
आणि नेरूरकरांच्या बातमीत ते नाव अकरा वेळा.
तेहतीस खिळे एका परक्या राज्यापायी,
शिवाय निवडणूक, विजय, निकाल हे नेहमीचे खादाड.

मी विचारलं, दीर्घ लावू? मीसीसीपी?
मुद्रितशोधक बोडस चष्म्यावरून बघत राहिले,
जसा काही मी चपला घालून देवघरात शिरलो.

तर बातमी अशी:
सगळ्या देशात जो आपटला
त्याला त्या एका राज्यानं शंभरातली सत्त्याऐंशी मतं दिली.
आणि खाली, अगदी शेवटी,
की तिथला काळा माणूस
नाव नोंदवायला कचेरीत गेला
की त्याच्यापुढे घटनेचं एक कलम सरकवतात.
वाच. अर्थ सांग.
अर्थ बरोबर की चूक, ते कारकून ठरवणार.

मी स्टिक खाली ठेवली.
घटनेचा अर्थ!
आमच्या नायगावच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर,
चांगुणा रोकडे, सही म्हणजे अंगठा,
नळावर हंडा भरेस्तोवर
सतरावं कलम म्हणून दाखवते.
आमच्यात ते पुस्तक म्हणजे घरच्या माणसाचं अक्षर.
बावन्न साली बापाला कुणी काही विचारलं नाही,
फक्त बोट मागितलं.
शाई जाईपर्यंत त्यानं ते बोट
कालवणात बुडवलं नाही.

"जागा नाही," नेरूरकर म्हणाले, "शेवटचा पॅरा काढ.
तुझ्या वेलांट्याही सुटतील."

सुटल्या. एकोणीस.
बऱ्याचशा गिरणीच्या बोनसला लागल्या,
दोन गेल्या 'शिलाई मशीन विकणे' मध्ये,
उरलेल्या कुठे, आठवत नाही.

पण मोडण्याआधी
मी रूळ फिरवून एक प्रूफ काढलं होतं.
अजून आहे, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली,
कडेनं पिवळं पडलेलं.
त्यात एक चूक आहे.
बोडसांपर्यंत ते पोचलंच नाही म्हणून राहिली:
कारकून मधला कू
ऱ्हस्व बसलाय.
दीर्घाचा खण तर भरलेला होता.