आत काय आहे

वाडी नाक्यामागं, ट्रान्सपोर्टच्या गल्लीत
निखाडे खोकं कानाशी नेऊन हलवतो.
'आत काय आहे, भाऊ?'

तीन वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, 'खेळणं.'
त्यानं पट्टी फाडली, काळी नळी बाहेर आली,
रांगेतली एक बाई पोराचा हात धरून निघून गेली.
तिचं पापडाचं पार्सल दुपारपर्यंत काउंटरवर पडून होतं.

तेव्हापासून अर्धं खरंही बोलत नाही.
'एअरसॉफ्ट. प्लास्टिकचे छर्रे, सहा मिलिमीटर.
मॅगझिन रिकामं, वेगळं बांधलंय. स्प्रिंग सैल.
बॅटरी यात नाही. हे बिल.
तोंड नारिंगी आहे, खरडलेलं नाही.'
एका दमात, आरतीनंतरच्या मंत्रपुष्पासारखं.

बाबा अंबाझरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते.
तोफगोळ्यांची रिकामी कवचं,
प्रत्येकात दिवा धरून पाहायचे.
माझी पहिली बंदूक घरी आली तेव्हा
आठवडाभर तिला हात लावला नाही.
मग एका संध्याकाळी पेपर अंथरला,
नळी पाहिली, मॅगझिन पाहिलं, पुन्हा नळी.
'रिकामं आहे असं समजायचं नसते,' म्हणाले, 'पाहायचं असते.'

घेतानाही मी शिकलो, पैसे घालवून.
जरीपटक्यात एका पार्किंगमध्ये, अंधारात,
गिअर तुटलेली घेऊन आलो होतो.
आता उजेडात भेटतो, आधी आवाज ऐकतो.
अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखा हवा,
तीच सुपारी दाढेखाली आल्यासारखा नको.

ही विकायची ठरली साडेसहा हजारांना.
मिरजेचा पारस मगदूम.
फोनवर आवाज मध्येच फाटायचा.
'वय किती?'
मागं कुकरची शिट्टी. मग, 'सतरा.'
'आईले फोन दे.'
त्यानं फोन ठेवला.

चार दिवस काही नाही.
शेहेचाळीस डिग्री. कुलरचा पंप जळला.
दुसरा एक जण पाचशे जास्त द्यायला तयार,
फक्त नारिंगी काढून पाठवा म्हणे,
खरी वाटली पाहिजे.
'काहून?' विचारलं.
त्यानं उत्तर दिलं नाही, मी बंदूक दिली नाही.

पाचव्या दिवशी, भर दुपारी:
'मी पारसची आई बोलतीय. त्यात काय असतंय ओ?'
सांगितलं सगळं. मोटर, गिअर, छर्रे,
मैदान कसं असतं, पंच कसा असतो,
लागलं की आपणच हात वर करून बाहेर यायचं.
'आणि डोळ्याला लागलं तर?'
पंप दुरुस्त झाला होता, पाणी टपटपत होतं.
'डोळा जातो,' म्हणालो.

ती इतका वेळ गप्प राहिली
की मी दोनदा स्क्रीन पाहिली, फोन चालू आहे का.
'बरं झालं खरं बोललासा,' म्हणाली.
'चष्मा केवढ्याला येतो?'

चष्मा मी असाच टाकला, जाड काचेचा, कानापर्यंत येणारा.
मोसमातलं उरलेलं संत्र्याचं खोकं,
पेंढा, बुडबुड्यांचा कागद, तीन फेरे पट्टी.
बाबांनी झाकणावर हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं:
तपासले. खाली तारीख, आणि ती जुनी सही,
जी पेन्शनच्या कागदांनंतर कुठंच उमटली नव्हती.

निखाडेनं वजन केलं, साडेचार किलो.
'हे तपासले कोणी लिहिलं?'
'घरच्या साहेबांनी.'
तो हसला नाही. शिक्का मारला.

सोमवारी फोटो आला.
त्यात पोरगं नाही.
ओट्याशी एक बाई, तो चष्मा लावून
कांदे चिरून राहिली.
बाबांनी फोन हातात घेतला,
बाईकडे पाहिलंच नाही,
दोन बोटांनी फोटो मोठा करत करत मागं गेले,
फ्रिजपाशी, जिथं ती टेकवली होती,
तोंड भिंतीकडे.
'ठीक आहे,' म्हणाले,
आणि फोन परत दिला.