पंचेचाळीस अंश

दांडिया बाजारातलं दुकान मिटवून आलो
की हेमांगी टॅब्लेट पुढ्यात ठेवते:
घ्या मामा, आज डच लोक.

एक म्हातारी मासे साफ करतेय.
दोन बोटांनी तिला ताणत नेतो
तिचा अंगठा माझ्या अंगठ्याएवढा होईतो.
नखात खवला अडकलाय.
साडेतीनशे वर्षं कुणी काढला नाही.

एकच खटकतं.
एवढं मोठं म्युझियम,
आणि एकाही चित्राला फ्रेम नाही,
सगळी काठाकाठाने कापलेली.
अख्ख्या बडोद्याचे कोपरे जुळवले मी,
पंचेचाळीस अंश, केसाचीही फट नको.
लोक चित्र बघत, मी फट.

फ्रेम कोण बघतं, मामा?

मी सरकत जातो डावीकडे, पार टोकाला,
जिथे मासे नाहीत, बाई नाही, नुसती काळपट भिंत.
आणि तिथे, काठालगत,
मोहरीएवढा सोनेरी ठिपका.
वर्ख लावताना हात निसटला असणार.
खाली चित्रकाराचं नाव, माप, साल,
देणगीदाराचंसुद्धा.
याचं नाही.

हेमांगी, बघ, आमच्यातला आहे कुणीतरी!

ती वाकून बघते.
मामा, तुमच्या बोटाचं सेव-उसळ असेल ते.

सदऱ्याच्या टोकाने काच पुसली.
ठिपका तिथेच.