इतर

पूर्णा जंक्शनबाहेर, पुलाच्या उतारावर
माझं आठ बाय सहाचं दुकान.
आता काचा चिकटवतो, चार्जर विकतो.
तेव्हा गाणी भरायचो. वीस रुपयांत कार्ड गच्च.

गिऱ्हाईक खरं सांगत नसे.
"मिक्स टाका," म्हणायचं
आणि नजर न्यायचं शेजारच्या टपरीवरल्या पुड्यांच्या माळेकडे.
जुनी की नवी?
"जुनीच. जरा हळू चालीची."
एवढ्यावर कळायचं.
टपरीवाल्या गफूरभाईलाही कळायचं,
त्या दिवशी तो उधारीचा विषय काढत नसे.

कॉम्प्युटरवर कप्पे होते:
भक्ती, कव्वाली, हळद, डीजे, बेवफा.
तळाला एक, 'इतर'.

गार्डसाहेबांची उज्ज्वला
बदलीच्या आदल्या संध्याकाळी आली.
बोटांवर सुतळीचे वळ.
"काझीपेटला मराठी गाणी कुठली मिळायला?
भर सगळी. रडकी तेवढी नको."
हिरवी पट्टी सरकत राहिली,
आम्ही दोघं तिच्याकडेच बघत राहिलो.
एकशे बारा गाणी, अकरा मिनिटं.
त्यातलं एक मी रडकं टाकलं,
नाव पुसून.
वीस रुपये तिनं मोजून दिले.
मी मोजून घेतले.

गाण्यातल्या माणसाचं बरं असतं.
एका कडव्यात वाट बघतो, दुसऱ्यात रडतो,
मग बासरी,
आणि पाचव्या मिनिटाच्या आत मोकळा.
मला सकाळी आठला शटर उचलायचं होतं.
उचललं. करकरत होतं, तेल घातलं.

परवा धनगर टाकळीची एक म्हातारी आली,
बटनाचा फोन पदराच्या गाठीत.
"लेकरा, मालक सायकल पुसता पुसता एक म्हणायचे.
त्यात नदी हाय,
आन् कुणीतरी पल्याड ऱ्हातंय."
नदीची होती नव्हती तेवढी लावली, एकोणीस.
दरवेळी तिची मान आडवी.
विसावं 'इतर'मधलं.
पायरीवर बसून, फोन कानाला दाबून
तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.
"हे नव्हं बाप्पा," म्हणाली,
"पर राहू दे. चालतंय."
त्यात नदी नाही.

पैसे घेतले नाहीत, तर
काउंटरवर ढाळ्याची पेंढी ठेवून गेली.
नांदेडकडची गाडी सुटली, कपाटाच्या काचा थरथरल्या.
मी घाटे सोलत बसलो.

एक पोरगा आला, ग्लास बसवून घेतली.
कोपऱ्यात बुडबुडा राहिला.
तो अंगठ्यानं दाबायला लागला.
दाबू नको, म्हटलं,
जाईल चार दिवसांत.