हातचा

दर फेरीला आठ बाटल्या.
सात नदीच्या, एक कोरी.
कोरीत प्रयोगशाळेतलंच पाणी, इतकं गाळलेलं
की आपण पाणी आहोत हेही विसरलेलं.
तिला नदीवर न्यायचं, झाकण उघडायचं,
बाकीच्या भरून होईस्तोवर वारा दाखवायचा
आणि परत आणायचं.
तिचं काम एवढंच:
जाऊन यायचं, येताना काही घेऊन यायचं नाही.

अ‍ॅबरिस्टविथहून सव्वासातची बस.
डोंगरात शिशाच्या, जस्ताच्या खाणी,
शंभर वर्षं झाली बंद पडून, अजून पाझरतात.
खाणीच्या वरच्या अंगाला एका दगडाखाली
मी सतरा अळ्या मोजल्या,
वाळूच्या कणांचे झगे शिवून बसलेल्या.
खालच्या अंगाला दगड उलटा केला
तर कोणी दचकत नाही.
एकदा एक झगा मिळाला. रिकामा.

प्रबंधाचा प्रश्न साधा होता:
जस्त किती, आणि कुठून?

मार्च ते मे, अकरा फेऱ्या.
सगळ्या बाटल्या एकदमच यंत्रात गेल्या.
एम्लिनने कागद टेबलावर ठेवला,
चष्मा कपाळावर सरकवला.
कोऱ्या बाटलीपुढे शून्य हवं होतं.
आकडा होता.
अकराच्या अकरा वेळा.

मी आम्लाला दोष दिला, झाकणांना दिला,
गाळणकागदाच्या नव्या खोक्याला दिला.
त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं,
"नदीपर्यंत जातेस कशी?"
बसने. मग पायवाटेने. मग प्यूंच्या कुरणातून.
"कुरणाला फाटक असेल."

जस्ती फाटक.
आमच्याकडे बादली असते तसं, जस्ती.
लहानपणापासून तोंडात असलेला शब्द,
त्यातलं जस्त मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

गारठलेली कडी उचलायला दोन्ही हात लागायचे.
मेंढ्या निसटू नयेत म्हणून लगेच लावायची, पुन्हा दोन्ही हात.
मग काठावर उकिडवं बसून
त्याच हातांनी हातमोजे चढवायचे,
बाहेरून, एकेक बोट ओढून, अगदी नीट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॉर्विथबाई रागावल्या नाहीत.
कोरी बाटली नेली नसतीस, म्हणाल्या,
तर आलेख फार देखणा आला असता.
हे लिही. परिशिष्टात नको, आत लिही.

रात्री तिसरीतल्या बेरजा आठवल्या:
सात नि आठ पंधरा, पाच मांडले,
हातचा एक.
विसरलात तर बाई उत्तरावर फुली मारत नसत,
जिथे तो लिहायला हवा होता
त्या मोकळ्या जागेभोवती लाल गोल काढत.

जून, बारावी फेरी.
कोपराने कडी उचलू बघते आहे.
कोपर घसरतं. मेंढ्या बघतात.
इद्रिस प्यू चढावरून सावकाश खाली आले.
मी सांगायला लागले, हात, हातमोजे, कोरं पाणी,
नि सांगता सांगता माझं मलाच ते वेडगळ वाटलं.
त्यांना सगळं कळलं असावं, किंवा काहीच नसावं.
फाटक उघडून ते धरून उभे राहिले.
म्हणाले, "माझा आजोबा होता तिथे. खाली."
आणि हनुवटीने डोंगर दाखवला.

वहीत तारीख, वारा, पाण्याची खोली.
शेरा: फाटक श्री. प्यू यांनी उघडले.
आठव्या बाटलीचं झाकण काढून
ती दगडावर ठेवली.
मागे, कुरणाच्या टोकाला,
त्यांनी कडी लावल्याचा आवाज आला.